मैत्रिणीचं सुतक

आश्विन वद्य एकादशी, शके १८५५
रत्नागिरी

भात भिजत घातलं आहे. सकाळी त्याचं पाणी बदललं. परवा ते निथळून, भाजून, गरम आहे तोवर कांडायचं, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरचे पोहे होतील. तोवर भाताला माझी गरज नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहिते आहे उजव्या हाताने. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात हा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. झोपलेलं पोर उचलावं तसा डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवावा लागे.

काल देवरुखहून आमच्या यांच्या नात्यातली एक बाई आली होती. तिच्या नणंदेने श्रावणात आत्महत्या केली. शब्द सरळ लिहिते, कारण तो न उच्चारण्यात आमच्या आळीने फार दिवस घालवले आणि त्याचा कुणालाही फायदा झाला नाही. तेव्हापासून या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. मागच्या पडवीत माझ्याजवळ बसून तिने विचारलं, "वैनी, तुमचा हात कशाने बरा झाला ते खरं सांगा. कुणी म्हणतं मांत्रिकाने, कुणी म्हणतं मुंबईच्या औषधाने."

मी सांगितलं. सांगता सांगता तिच्यापुढे पिठी-भात वाढला होता, तो तिने संपवला आणि पुन्हा मागितला. मग म्हणाली, "हे लिहून का नाही ठेवत? माझ्यासारख्या पुष्कळ असतील."

तिने दुसऱ्यांदा भात मागितला म्हणून लिहिते आहे.

अंबू

अंबू माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये जांभ्या दगडांचा बुटका गडगा आहे आणि त्यात बांबूचं एक बेडं, म्हणजे सरकवायचं फाटक. दिवसातून वीस वेळा ते इकडचं तिकडे व्हायचं. अंबूचा नवरा मुंबईला नोकरीला. घरात ती आणि तिची सासू बयोकाकी. मूलबाळ नव्हतं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण तोंडाने माझी आजी.

पोहे कांडणं हे एकटीचं काम नाही. एक मुसळ वर गेलं की दुसरं खाली यायला हवं, आणि तेही घाईत, कारण भाजलेलं भात थंड झालं की त्याचे पोहे होत नाहीत, कोंडा होतो. आमचं उखळ मोठं, म्हणून दर दिवाळीला अंबू आपलं मुसळ खांद्यावर टाकून शिपायासारखी बेड्यातून यायची. लग्न होऊन आल्यापासून तिचा हा नेम. कांडताना अखंड बडबड. मध्येच मुसळ थांबवून गरम पोह्यांची मूठ तोंडात टाकायची आणि जीभ भाजली म्हणून मलाच ओरडायची.

"अगो, दिवाळीला काही राहू देशील की नाही?"

"राहील हो वैनी. तुझ्या हाताला सवय आहे, तू काय, आणखी कांडशील."

गेल्या वर्षी शिमग्याची पालखी नाचून गेली आणि त्यानंतरच्या आठवड्यात अंबू गेली. कशी, ते मी लिहिणार नाही. ते ऐकून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, आणि रत्नागिरीत ते तेव्हा पुरेसं बोललं गेलं.

आळीतले 'जर'

माणूस दुखण्याने गेलं की लोक विचारतात, काय झालं होतं. असं गेलं की विचारतात, कुणी केलं. आमच्या आळीने संध्याकाळपर्यंत उत्तर काढलं : बयोकाकीने. पुरावाही होता. पौष महिन्यापासून रोज दुपारी गडग्यापलीकडून बयोकाकीचा आवाज यायचा, "जेवतेस की नाही? जेव मेले! किती छळशील?" सगळ्यांनी ऐकलेलं. मीही. मी तर गडग्याच्या सर्वांत जवळ, त्यामुळे माझा पुरावा सर्वांत पक्का.

दिवस झाल्यावर अंबूचा नवरा मुंबईला परत गेला. बयोकाकी एकटी राहिली. बायका देवळात जायला मागच्या पाणंदीने जाऊ लागल्या, म्हणजे तिच्या दारावरून जावं लागू नये. अंबूचं नाव कुणी घेईना. "ती", "ते घर", "तो प्रकार". लहान मुलांनी विचारलं तर पाठीत धपाटा.

गंमत पुढे कळली. बाहेर सगळे बयोकाकीकडे बोट दाखवत होते आणि आतल्या आत प्रत्येकाने स्वतःचा एक 'जर' जपून ठेवला होता. दूधवाल्या बाईने आदल्या दिवशी अंबूला पाण्यावरून बोलून घेतलं होतं. पलीकडच्या मास्तरीणबाईंनी हळदीकुंकवाला तिला बोलवायचं राहून गेलं होतं. मला वाटत होतं, माघात ती माझ्या चुलीपाशी गप्प बसून राहायची, तेव्हा मी कुळीथ निवडणं थांबवून तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर. एवढे 'जर' होते की सगळे जमवले असते तर देवळाचा सभामंडप भरला असता. पण प्रत्येकीला वाटे, आपलाच एक, आणि तोच खरा.

हात

मी रडले नाही. मला वेळ नव्हता आणि हक्कही नव्हता. ती माझी नात्यातली नव्हे. सुतक नाही, दिवस नाहीत, भेटायला येणारं कुणी नाही. त्या दिवशीही मी स्वयंपाक केला, आणि तो बरा झाला होता.

मग आषाढात एका सकाळी फळीवरचा डबा काढायला हात वर केला, आणि तो गेला नाही. कळ नाही, सूज नाही. कोपरापर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, झोपेत आखडला असेल. दोन-चार दिवसांनी तो तेवढाही उठेना. त्यात भूक मेली, झोप गेली, नि मी चिपाडासारखी वाळले.

मग उपचार सुरू झाले. आजारपणात माणसाला कळतं की गावात डॉक्टर नसलेलं कुणीच नाही. करंजाचं तेल झालं. वाळूचा शेक झाला. वैद्यांनी वात सांगितला आणि असा काढा दिला की त्याच्या वासाने मांजर घर सोडून गेलं. खेडहून माझी वहिनी आली, तिने हात ओढून बघितला, मी ओरडल्यावर म्हणाली, "ओरडतेस म्हणजे जीव आहे त्यात," आणि समाधानाने परत गेली.

घराचं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण एक माणूस आजारी पडलं की दोघं आजारी असतात. आमचे हे कचेरीत कारकून. चुलीशी त्यांचा संबंध विडी पेटवण्यापुरता. ते भात करू लागले. पहिल्या दिवशी करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला, तिसऱ्या दिवशी एकाच भांड्यात दोन्ही साधलं. माझ्यावर चिडत नसत, भांड्यांवर चिडत. मी काही विचारलं की तुटक बोलत. अंबूच्या घराच्या बाजूची खिडकी त्यांनी बंद करून टाकली होती. मी उघडली की ते मुकाट्याने पुन्हा लावत.

कौल

उपचार संपले तेव्हा आळीने निदान केलं : "ती" लागली आहे. हातात हात घालून कांडायच्या ना दोघी, म्हणून हातच धरला.

मी म्हटलं, "आली असती तर आधी चहा मागितला असता तिने."

पण यांना ते पटलं असावं. श्रावणात ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. यात एकच पथ्य आहे : प्रश्न एका वेळी एकच विचारायचा. आमच्या यांनी आयुष्यभर कचेरीत अर्ज लिहिलेले. त्यांनी प्रश्न तयार केला तो असा : "सदर हाताचं दुखणं शेजारच्या प्रकारामुळे आहे काय, असल्यास शांत करावी की येणं-जाणं बंद करावं, आणि नसल्यास इस्पितळात न्यावं काय?"

गुरवाने ते गाऱ्हाण्यात बसवायचा प्रयत्न केला, त्याला धाप लागली. पाकळी टपकन पडली. उजवी.

"उजवा दिलान आईने," गुरव म्हणाला.

"कशाला?" मी विचारलं.

गुरवाने यांच्याकडे पाहिलं, यांनी गुरवाकडे.

"पुन्हा एकेक विचारा की," मी म्हटलं.

"एकदा दिल्यावर परत विचारणं बरं दिसत नाही, वैनी. आई रागावते."

घरी येईपर्यंत यांनी आपला अर्थ लावला होता : येणं-जाणं बंद. दुसऱ्या दिवशी कचेरीला जाण्याआधी त्यांनी बोरीच्या आणि करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या, बेड्यात कोंबल्या, वरून काथ्याने बांधल्या. हात सगळे ओरबाडून घेतले. मी मागच्या पडवीतून बघत बसले. त्या दिवशी माझा हात मनगटापासूनही हलेना.

इस्पितळ

भाद्रपदात एकदा मला न्हाणीघरात घेरी आली, तेव्हा यांनी कौलाचा उरलेला भाग आठवून मला सरकारी इस्पितळात नेलं.

डॉक्टर घाटावरचे, नवे आलेले. बोलणं इतकं स्वच्छ की शब्द इस्त्री करून बाहेर काढत असावेत.

"बाई, हात वर करा."

"तो झाला असता तर इथे कशाला आले असते?"

त्यांनी टाचणीने टोचून पाहिलं. मग रबराची एक लहानशी हातोडी कोपरावर मारली, आणि हाताने टुणकन उडी घेतली. मला फार राग आला. मी एवढ्या विनवण्या करते तर हलत नाही, आणि परक्या पुरुषाच्या हातोडीला मान देतो.

"हाड शाबूत आहे, शिरा शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "हाताला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे मी ढोंग करते?"

"अजिबात नाही. हात खरोखरच उठत नाही. पण दुखणं हातात नाही. यंदा घरात कुणी गेलं का?"

"नाही."

"नात्यात?"

"नाही."

"मग कोण गेलं?"

हे दाराशी उभे होते, ते छत बघू लागले. मी म्हटलं, "शेजारीण गेली. आत्महत्या केली तिने." शिमग्यापासून तो शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर आला. काही झालं नाही. छत पडलं नाही.

"तुमची मैत्रीण?"

"हो."

"मग तुम्ही तिचं सुतक किती दिवस धरलंत?"

"मला कसलं सुतक? ती माझी कुणी नव्हती."

एवढं मी बोलले आणि माझं नाक वाहू लागलं. पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, बराच वेळ पुसतच राहिले. डॉक्टर तोवर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बकरी होती.

मग ते म्हणाले, "ज्या दुःखाला रडायला जागा मिळत नाही, ते असं कुठेतरी जाऊन बसतं. कुणाच्या पोटात, कुणाच्या घशात. तुमच्या हातात बसलं. निघेल."

त्यांनी मला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं.

ज्यांना इस्पितळाची भीती वाटते त्यांना सांगते, तिथलं सर्वांत भयंकर प्रकरण म्हणजे सकाळची पेज. मीठ विसरलेली असे. बाकी सगळं वेळच्या वेळी. उजाडायच्या आत अंथरुणाच्या चादरी झटकायच्या, पेज, मग नर्सबाई येऊन हात शेकणार आणि इंच इंच वर नेणार. नर्सबाई लहानखुऱ्या, पण मनगट खलाशाचं. "आणखी थोडा, आणखी थोडा," म्हणत त्या हात असा नेत की मला त्यांच्या पूर्वजांची आठवण येई. दुपारी झोप. मी कित्येक महिन्यांत झोपले नव्हते इतकी तिथे झोपले, कारण तिथे कुणी माझ्यावर नजर ठेवून नव्हतं. सगळ्यांना आपापलं दुखणं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर मिऱ्या गावची पारू होती, मासळी विकणारी. खडकावर घसरून पाय मोडलेला. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काय गो बाय, तुज्या हाताला काय झालान?"

मी आता शब्द बोलायला शिकले होते. सांगून टाकलं.

"माजा भाव पन तसाच गेला," ती म्हणाली, वारा पडला म्हणावं तशी. "लय ग्वाड होता मेला. आमी रोज जेवताना त्याच्या नावानं आधी शिव्या घालतो. आयस घालते, मी घालते. मग त्याच्या खोड्या काडतो, हसतो. मग जेवतो. न्हायतर घासच जात न्हाय."

"शिव्या कशाला?"

"मंग? न सांगता गेला तो. शिव्या नको?"

त्या दुपारी मी चादर तोंडावर घेऊन अंबूला माझ्या माहितीतल्या सगळ्या शिव्या दिल्या. माझ्याकडे फार नव्हत्या. उरलेल्या पारूने पुरवल्या. मला हसू आलं, आणि हसताना खाट हलली, आणि नर्सबाई म्हणाल्या, "हाताने चादर कुणी ओढली वर?" मी ओढली होती. उजव्याने. हनुवटीपर्यंत.

हे रोज संध्याकाळी कचेरीतून येत. डब्यात स्वतः केलेला भात. एका संध्याकाळी डबा उघडलाच नाही. खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "आदल्या दिवशी ती बेड्यात उभी होती. मला विचारलंन, वैनी आहेत का? मी म्हटलं, विहिरीवर गेल्येय. आणि चपला घालून निघालो. थांबायला हवं होतं."

यांनी काटे बेड्यात का भरले ते मला तेव्हा कळलं.

"थांबून काय केलं असतंत?" मी विचारलं. "बायकांशी बोलायचं म्हटलं की तुम्हाला घाम फुटतो. तिने तुमचा घाम पुसायला फडकं दिलं असतं."

ते हसले. पहिल्यांदा त्यांचे डोळे ओले झालेले पाहिले. मग आम्ही दोघांनी मिळून तो भात खाल्ला. त्यात मीठ होतं, म्हणजे पेजेपेक्षा तो बरा होता.

निघताना डॉक्टरांना मी एकच प्रश्न नीट विचारला, कौलासारखा नाही. "माघात मी तिला विचारलं असतं की बाई, तुझ्या मनात मरणाचं येतं का, तर? अशाने ते जास्त डोक्यात भरतं म्हणतात."

"उलट आहे," ते म्हणाले. "विचारल्याने भरत नाही. विचारल्यावर माणूस बोलतं, आणि बोललं की वेळ मिळतो. मनाचंही दुखणं असतं, तापासारखं. त्याला माणूस जवळ हवं आणि डॉक्टर हवा. पण बाई, तुम्ही विचारलं असतं तर ती राहिलीच असती, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तो विचार इथे ठेवून जा. इथे जागा आहे."

तेव्हापासून कुणी चुलीपाशी गप्प बसलं की मी विचारते. सरळ विचारते. एकदोघी रागावल्या. एक रडली, आणि तिला मी त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता ती माझ्या अंगणातली कोथिंबीर न विचारता तोडून नेते, इतकी बरी आहे.

रस्त्याने

घरी आले तेव्हा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येत होता. त्यावर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सवयीचं काम करा. माझं सवयीचं काम दिवाळीचं, आणि दिवाळी आली होती. मी भात भिजत घातलं. यांनी विचारलं, "कांडणार कोण?" मी म्हटलं, "बघू." खरं तर मला ठाऊक होतं की भिजलेलं भात थांबत नाही, आणि म्हणूनच भिजत घातलं होतं.

त्रयोदशीला सकाळी ते निथळलं. बेड्यात काटे होते, म्हणून मी पुढच्या रस्त्याने निघाले. सगळी आळी अंगणं सारवत होती, सगळ्यांनी पाहिलं. मी बयोकाकीच्या दारात गेले. ती ओटीवर बसली होती, निम्मी होऊन. तिच्या अंगणात एकही सारवणाचा हात फिरला नव्हता.

"ये," ती म्हणाली. "वाट सापडली वाटतं?"

"वाटेत काटे होते, काकी."

"ते मला दिसतात रोज. माझ्या घरात भूत आहे म्हणे. तुला भेटलं तर सांग हो, मला सोबत होईल."

"मुसळ न्यायला आले. अंबूचं."

नाव ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्याकडे यंदा सण नाही."

"सण नका करू. मुसळ द्या."

"तूही म्हणतेस ना, मी मारली तिला?"

"म्हणत होते."

"का?"

"ओरडत होतात तुम्ही. रोज दुपारी. जेव मेले, जेव मेले."

बयोकाकी हसली. तसं हसणं ऐकू नये. "मग काय म्हणू? जेवत नव्हती गो ती. पौषापासून. मी घास करून तोंडाशी धरायची आणि ती भिंतीकडे बघायची. पाया पडले, रडले, मग ओरडले. ओरडल्यावर दोन घास खायची, माझ्या समाधानासाठी. म्हणून रोज ओरडायची."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगून? वेडी म्हणाला असतात तिला. झाकून ठेवलं."

सर्वांत जवळचा गडगा माझा होता. मी सगळे शब्द ऐकले होते आणि एकही कळला नव्हता. पण ते तिथे उभं राहून उगाळत बसायला वेळ नव्हता.

"काकी, उठा," मी म्हटलं. "भात निथळलंय. आता नाही भाजलं तर वाया जाईल."

"मी? या वयात मुसळ मारू?"

"माझा हात अर्धा आहे, तुमचं वय दुप्पट आहे. जमेल."

ती उठली. नुसती उठली नाही, आतून मुसळ स्वतः खांद्यावर घेऊन आली. आम्ही दोघी भर रस्त्याने आमच्या घरी आलो. मास्तरीणबाईंच्या हातातलं शेण हातातच राहिलं.

मी भाजलं, उखळात ओतलं, आणि सुरुवात केली. पहिल्याच घावाला मुसळांची टक्कर. दुसऱ्यालाही.

"डावीकडून मारा ना, काकी! अंबू डावीकडून मारायची."

"अंबू डावरी होती!" बयोकाकी खेकसली. "मी नाही. तू बाजू बदल."

डावरी. इतकी वर्षं समोरासमोर कांडून माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी बाजू बदलली, आणि लय लागली. भात थंड होत होतं, थांबता येत नव्हतं. तिचं मुसळ खाली आलं की माझं वर जायलाच हवं, नाहीतर तिचा खोळंबा. कधी गेला ते कळलं नाही, पण हात डोक्याच्या वर गेला होता. बयोकाकीने ते पाहिलं आणि आपला घाव घातला. मध्येच तिने वाकून गरम पोह्यांची मूठ तोंडात टाकली.

"म्हणजे ही खोड तुमच्या घरातलीच!" मी म्हटलं.

"माझ्याकडूनच शिकली ती," बयोकाकी म्हणाली, आणि जीभ भाजल्याने हा हू करू लागली.

पाखडून झाल्यावर आम्ही उखळाच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून बसलो. तिने विचारलं, "का गो गेली ती?"

"मला नाही माहीत, काकी."

"मलाही नाही."

एवढंच बोललो. पण इतके दिवस आळीभर उत्तरं फिरत होती, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं वाटलं. मग ती अंबूला "मेली" म्हणाली, मी पारूकडची एक शिवी घातली, आणि तिने ती कुठली म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. कोयता घेतला, बेड्यावरचा काथ्या कापला आणि बोरीच्या, करवंदीच्या फांद्या एकेक करून उजव्या हाताने ओढून काढल्या. हात दुखत होता, कांडल्यावर कुणाचाही दुखेल तसा. काटे न्हाणीच्या चुलीत घातले. श्रावणापासून उन्हावाऱ्यात चांगले वाळले होते, तडतडून पेटले. यांना उटणं लावलं, आंघोळीला बसवलं.

"आज पाणी लवकर तापलं," हे म्हणाले.

"सरपण चांगलं होतं," मी म्हटलं, आणि पोह्यांचं ताट घेऊन बेड्यातून पलीकडे गेले.